क्लिफ कोणत्या दाराने गेला

९ जानेवारी, शुक्रवार

ही डायरी नातीने, वेंडीने, नाताळात दिली. "आजी, रोज काहीतरी लिही," म्हणाली. मी म्हटलं, "काय लिहू? आज उंबरा घासला असं लिहू?" म्हणाली, "तेच लिही."

तर आज उंबरा घासला. दर शुक्रवारी घासते. या वेळी मध्येच दोनदा थांबावं लागलं. धुकं फार आहे, छातीत बसलंय.

माझं शिक्षण म्हणजे अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. सकाळी गिरणीत राबून दुपारी आम्ही सगळ्या पोरी शाळेत बाकावर डोकं टाकून झोपायचो. मास्तर भला होता, उठवायचा नाही. तेव्हा इथं चुका सापडल्या तर त्या त्याच्या नावावर.

शुक्रवारी गावचं वर्तमानपत्र येतं. मी आधी खासदाराचा रकाना वाचते, मग मयतांचा. आमचा खासदार क्लिफर्ड हॅस्लम, म्हणजे माझा मुलगा क्लिफ. त्याने लंडनला त्या आठवड्यात कसं मत दिलं ते त्या रकान्यात असतं. तिथं पार्लमेंटात हात वर करत नाहीत. दोन दारं आहेत, एक 'हो'चं आणि एक 'नाही'चं. आपापल्या दाराने चालत जायचं आणि दाराशी माणसं डोकी मोजतात, बाजारात मेंढरं मोजतात तशी. निवडून आल्यापासून क्लिफ एकदाही पार्टीचं दार सोडून गेलेला नाही. आमची रेल्वे बंद करायचं ठरलं तेव्हासुद्धा तो पार्टीबरोबरच गेला. लोकांनी माझ्या दारावर अंडी फोडली. मी पुसली. मुलाचा राग आला नाही, अंडी वाया गेली त्याचा आला.

१७ जानेवारी

क्लिफ आला होता. बायको गेल्यापासून तो दर शनिवारी जेवायला माझ्याकडेच येतो. हॉटपॉट केलं होतं, मटण-बटाट्याचं. अर्धंच खाल्लं त्याने.

"खाली काय बिनसलंय?" मी विचारलं. लंडनला आम्ही 'खाली' म्हणतो.

"एक कायदा येतोय आई. गिरणीच्या धुळीने छाती गेलेल्यांना भरपाई द्यायचा."

"मग चांगलंच की."

"पण धुळीत सलग वर्षं भरलेली पाहिजेत. बाया बाळंतपणाला घरी बसल्या, परत गेल्या, पुन्हा बसल्या. त्या सगळ्या बाहेर राहतात. समोरच्या विरोधी बाकांवरच्या एकाने दुरुस्ती आणली आहे, तुटक वर्षंही धरा म्हणून. आपल्या सरकारला ती नकोय. पैसा नाही म्हणतात."

"पैसा कधी होता?"

मी कोळसे आणायला उठले तर म्हणाला, बस, मी आणतो. मला राग आला. मी मुद्दाम मागच्या पायऱ्या उतरून गेले आणि आणले. वर आले तेव्हा तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "काय बघतोस? म्हातारी कधी पाहिली नाहीस?"

जाताना विचारलं, "आई, कार्डिंगला, त्या कापूस पिंजायच्या खात्यात, तुझी सलग वर्षं किती होती गं?"

"तुझ्यासाठी सोडलं, परत गेले. तुझ्या बहिणीसाठी सोडलं, ती राहिली नाही, परत गेले. सलग म्हणशील तर माझं फक्त लग्न होतं."

तो हसला नाही. एरवी हसतो.

२३ जानेवारी

आज सेथला जाऊन आणखी एक वर्ष झालं. म्हणजे माझा नवरा. कबरीवर गेले नाही, चढ आहे.

सेथची एक गोष्ट लिहून ठेवते, वेंडीला कोणी सांगायचं नाही. मोठ्या संपात सगळी गिरणी बाहेर असताना सेथचा सख्खा भाऊ ईनक मागच्या फाटकाने कामावर गेला. त्याच्या पोराला घटसर्प झाला होता, औषधाला पैसे नव्हते. पोरगं वाचलं. पण त्या दिवसापासून सेथ ईनकशी एक शब्द बोलला नाही. दोघं एकाच गल्लीत राहायचे आणि एकाच दुकानात तंबाखू घ्यायचे. ईनक मेला तेव्हा सेथ समोरच्या फुटपाथवर उभा राहिला, टोपी न काढता. आमच्याकडे संपफोड्याला मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. त्याच्याशी बोलत नाहीत, एवढंच.

लोक म्हणतात फार झालं. ईनकचं कारण खरं होतं हे सेथलाही ठाऊक होतं. पण कारण प्रत्येकाकडे असतंच. ज्याच्याकडे कारण आहे त्याने आत जायचं म्हटलं तर फाटकाबाहेर उभं कोण राहील?

डॉक्टर येऊन गेला. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला, जसं काही आत रेडिओ आहे. कागदावर ब्राँकायटिस लिहिलं आणि तोंडाने दुसरंच बोलला. मी म्हटलं, कागदावरचं खरं धरू.

३० जानेवारी

उंबरा झाला नाही. पुढच्या शुक्रवारी दोनदा घासीन.

लंडनहून एक साहेब आले होते, मिस्टर पेम्बर्टन. पार्टीचे प्रतोद. म्हणजे मेंबरांना बरोबर दाराकडे हाकणारा माणूस. बूट असे चकाकत होते की आमच्या गल्लीत ते कुठं ठेवावेत हे त्यांनाच कळेना. शेजारची नेली ऑर्मरॉड तेवढ्यात साखर मागायच्या निमित्ताने आली. तिच्या घरी माझ्यापेक्षा जास्त साखर आहे.

"मिसेस हॅस्लम, आपल्याबद्दल फार ऐकलंय."

"कुणाकडून? मी तर काही केलेलं नाही."

मग चहा घेत हळूहळू मुद्द्यावर आले. सरकार चार-दोन मतांवर टेकलंय. या दुरुस्तीत हरलं तर पुढचं काही सांगता येत नाही, ते दुसरे येऊन बसतील. क्लिफर्ड हल्ली गप्प असतो. आईचं तो ऐकतो. आपण एकदा बोलाल का?

नेली साहेबांच्या मागे उभी होती. तिने ओठ हलवले: *याच्या मोज्यांना इस्त्री आहे.*

मी ओठांनीच म्हटलं: *बिस्किटं मोजतेय मी, मेल्याचं चौथं आहे.*

साहेबांना पत्ता नाही. आम्ही गिरणीतल्या बाया. तिथं यंत्रांच्या गदारोळात आवाज करून काही उपयोग नसायचा, ओठ मोठे हलवायचे आणि समोरच्याने वाचायचं. खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही कुणाचं लग्न मोडलं इथपासून सगळं बोलायचो, एक अक्षर न उच्चारता. क्लिफही लहानपणी माझ्याकडे बघून बघून शिकला. समोरच्या बाकांवर काय कुजबुज चालते ते पार्लमेंटात त्याला बसल्या जागी कळतं म्हणे. तिथं तेवढंच माझं शिक्षण कामाला आलं.

साहेबांना मी म्हटलं, "माझ्या मुलाला रांग सोडायला मी शिकवलेलं नाही. मी सांगते त्याला."

ते उठले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग मला ढास लागली आणि थांबेचना. साहेब हात सोडून चटकन मागे सरकले. नेलीने पाणी दिलं. ती आता ओठांनी काही बोलत नव्हती.

१ फेब्रुवारी

काल क्लिफ जेवायला आला तेव्हा त्याला सांगितलं.

"पेम्बर्टन इथं आला होता? तुझ्याकडे?" त्याचा चेहरा लाल झाला.

"चहा प्यायला आला होता. बरोबर बोलला. तू कुणाच्या जोरावर तिथं गेलास? पार्टीच्या. ज्यांनी तुझी पत्रकं वाटली, पावसात दारं ठोठावली, त्यांनी क्लिफर्ड हॅस्लमसाठी नाही ठोठावली. पार्टीसाठी ठोठावली."

"आणि ती दारं उघडली कुणी आई? तुझ्या खात्यातल्याच बाया ना? त्यांतल्या किती आज जिना चढतात?"

"त्यांचं त्या बघतील. माझ्याकडे बघून बोल. तुझ्या बापाने ईनकचं तोंड पाहिलं नाही ते विसरलास?"

"विसरलो नाही. ईनककाकाचा मुलगा माझ्या वर्गात होता."

"मग?"

"मग काही नाही. तो जिवंत होता. माझ्या शेजारी बसायचा."

यात काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "त्या दुसऱ्यांच्या दाराने गेलास तर माझ्यासाठी तूही ईनक." त्याने मान हलवली. जाताना कोळशाच्या दोन बादल्या भरून चुलीजवळ ठेवून गेला. एक पुरली असती.

११ फेब्रुवारी

काल मतदान झालं. सकाळी रेडिओवर सांगितलं. दुरुस्ती चार मतांनी पडली. सरकार राहिलं. मग बातम्या देणाऱ्या बाईने सरकारी बाकांवरून फुटलेल्यांची नावं वाचली. तीनच होती. मधलं नाव क्लिफचं होतं.

मी रेडिओ बंद केला. नेली आली, उभी राहिली, परत गेली.

एक मला समजत नाही. जिंकून देता आलं असतं तर एक वेळ म्हटलं असतं की काही मिळवलं. हरणार हे त्याला ठाऊक असणार, मोजणी त्याला येते. मग सगळ्यांसमोर त्या दाराने चालत जाऊन त्याने काय साधलं? कुणासाठी?

१४ फेब्रुवारी

शनिवार. तो आला. मला वाटलं होतं येणार नाही.

मी जेवण वाढलं. ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि माझ्या खुर्चीत बसले. बोलले नाही.

"आई, प्रतोदांनी मला लंडनच्या पार्टीच्या बैठकीला येऊ नको म्हणून सांगितलंय."

"आई, तू औषध घेतेस ना?"

"आई, भाजीत मीठ जास्त झालंय." हे मुद्दाम. मीठ बरोबर होतं. पण मी तोंड उघडलं नाही.

जेवून त्याने ताट धुतलं आणि गेला. सेथला हे इतकी वर्षं कसं जमलं कोण जाणे. भावाच्या बाबतीत सोपं असेल.

५ मार्च

आज गल्लीत तमाशा झाला.

मी उंबऱ्याचा नाद सोडला आहे, वाकलं की आत काही जात नाही. नेली दोनदा म्हणाली, मी घासते. मी म्हटलं, माझ्या उंबऱ्याला हात लावलास तर बघ. आज सकाळी बाहेर खरखर ऐकू आली. पडदा सरकवून बघते तर खासदारसाहेब, कोट काढून, बाह्या सरसावून, गुडघ्यांवर. माझी बादली, माझा उंबरा घासायचा दगड. कडेने पांढरी रेघसुद्धा मारत होता, मी मारते तशी. या गल्लीत पुरुषाने उंबरा घासलेला कुणी पाहिला नव्हता. सगळ्या दारांत बाया उभ्या.

समोरची डकवर्थांची सून म्हणाली, "काय क्लिफ, नवीन नोकरी मिळाली का?"

"अजून तपासून बघतायत," तो म्हणाला, "मालकीण फार कडक आहे."

मी पडदा सोडला. रेघ एका कोपऱ्यात वाकडी आली होती. ते सांगायला माझ्या जिभेवर आलं होतं.

१३ मार्च

आज गावातल्या पार्टीची बैठक झाली. ठराव होता, पुढच्या निवडणुकीला क्लिफर्ड हॅस्लमला उभं करू नये. मांडणारा वॉल्टर डकवर्थ, आमचा अध्यक्ष, कार्डिंग खात्याच्या युनियनचा जुना माणूस. महिला शाखेची प्रतिनिधी मी. नेली म्हणाली, "तू जाऊ नकोस, तब्येतीचं कारण दे." मी म्हटलं, "इतकी वर्षं गेले, आज मुलाचं नाव आहे म्हणून घरी बसू? मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना चढायला फार वेळ लागला. प्रत्येक वळणावर बसले. वॉल्टर माझी वाट बघत थांबला होता, सुरू केलं नव्हतं.

क्लिफला बोलायला दिलं. तो उभा राहिला. कागद आणला होता, पण खिशातून काढला नाही. म्हणाला, "मी पार्टीचा आहे आणि मरेपर्यंत राहीन. रेल्वेच्या वेळी गेलो, शाळांच्या वेळी गेलो, पोटात दुखत असताना गेलो. या वेळी नाही जाता आलं. त्याचं कारण—"

आणि नेमकी तेव्हाच मला ढास लागली. जिन्याची राहिलेली असणार. रुमाल तोंडावर दाबला तरी थांबेना. किती वेळ ते मला माहीत नाही. माझ्याच छातीची शिट्टी मला ऐकू येत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यामुळे नीट दिसलं नाही, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जुनी माणसं सगळी टेबलाकडे बघत होती.

थांबली तेव्हा क्लिफ अजून उभाच होता. वॉल्टर म्हणाला, "बोल क्लिफ. कारण सांगत होतास."

क्लिफ म्हणाला, "झालं माझं," आणि बसला.

मला इतका राग आला स्वतःचा. कसं का असेना, एवढं तयार करून आला होता आणि माझ्या खोकल्याने त्याचा धागा तुटला.

मग वॉल्टरने विचारलं, "ठरावाच्या बाजूने?"

मी हात वर केला. एका हातात रुमाल होता, म्हणून दुसरा. माझा एकटीचा कसा वर राहील असं वाटलं होतं, तर खरंच जवळजवळ एकटीचाच राहिला. मागची दोन तरुण पोरं आणि मी. वॉल्टरने स्वतः ठराव मांडलेला, आणि त्याचे दोन्ही हात टेबलावर. मी त्याला हाक मारून म्हटलं, "वॉल्टर, तुझा हात." तो म्हणाला, "बघतोय ॲडा. आहे जागेवर."

ठराव पडला. माणसं मऊ झालीत. सेथच्या काळात असं झालं नसतं.

उतरताना क्लिफने हात पुढे केला. मी वॉल्टरचा धरला. वॉल्टर पायरी पायरी थांबत उतरला. त्याची मेरी माझ्याच खात्यात होती, माझ्या शेजारच्या यंत्रावर. शेवटी शेवटी तो तिला उचलूनच खाली आणायचा. अर्ध्या जिन्यात म्हणाला, "तुला ऐकलं की मला मेरी घरात असल्यासारखं वाटतं गं." मी म्हटलं, "तिला दमा होता. मला ब्राँकायटिस आहे."

तो म्हणाला, "हो."

१४ मार्च

हात वर केला ते बरोबरच केलं. पण काल त्या हाताने कप उचलवला नाही, डाव्याने उचलला.

ईनकच्या पोराचं नाव आठवत नव्हतं, आज आठवलं. रेजिनल्ड. शेजारी बसायचा म्हणे क्लिफच्या. चांगला धडधाकट होता, गोलकीपर झाला होता.

२२ मार्च

सोमवार. गिरणीत असताना आम्ही सगळ्या सोमवारी जास्त खोकायचो. रविवारी मोकळी हवा लागायची आणि सोमवारी धूळ पहिल्यांदाच लागल्यासारखी बोचायची. सोमवारची छाती म्हणायचो. मंगळवारी विसरायचो.

गिरणी सोडून इतकी वर्षं झाली. आता रोज सोमवार आहे.

वेंडीने माझी खाट खाली आणवली. मला विचारलं नाही.

४ एप्रिल

लिहायला वेळ लागतो. थोडंच लिहिते.

आता बोलताना दोन शब्दांनंतर थांबावं लागतं. डॉक्टर म्हणाला, श्वास जपून वापरा. म्हणजे आता बोलायचं तर निवडून. नेलीशी बोलले, वेंडीशी बोलले. त्यातच संपतो.

क्लिफ काल आला. नेहमीसारखा खुर्ची ओढून बसला, पार्लमेंटातलं सांगत होता. ती दुरुस्ती पुढच्या वर्षी परत आणणार म्हणे, या वेळी आपल्याच बाकांवरून. मग तोही थकला. केस पार पिकलेत त्याचे. खिडकीतून उजेड पडला होता, शर्टाची कॉलर नीट इस्त्री केलेली नव्हती. घरी करणारं कोण आहे.

घसा कोरडा पडला होता. नेली बाजारात गेली होती.

मी सेथला वचन दिलेलं नाही, पण दिल्यासारखंच आहे. संपफोड्याशी बोलायचं नाही, आणि मी बोलले नाही. घशातून आवाज निघालाच नाही, हे मी शपथेवर सांगेन. फक्त ओठ हलवले. गिरणीतल्यासारखे, मोठे.

*चहा ठेव.*

त्याने वाचलं. उठून किटली ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून तिथंच उभा राहिला. पाणी उकळलं, शिट्टी वाजायला लागली, वाजतच राहिली, तरी तो हलेना. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं याचीही छाती धरली की काय, तो तर कधी खात्यात गेला नाही.

मग चहा आणला. साखर विसरला होता.

तेही सांगितलं.